जावईबापूंना घेऊन ये

बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते नाव नाही, वय नाही, लग्नाला किती वर्षं झाली तेही नाही.

"जावईबापू कुठायत?"

मला वाटलं, त्या त्यांच्याच जावयाबद्दल विचारतायत. घरचं कुणी यायचं असेल. मी मागं वळून दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "मला नाही माहीत."

"नवरा कुठाय ते माहीत नाही? मग लेकराचं नंतर बघू. आधी त्याला शोध."

ही आमची पहिली भेट. जगातल्या सगळ्या बायकांच्या नवऱ्यांना ही बाई 'जावईबापू' म्हणते, हे मला कोण सांगणार? उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. सत्तरीच्या आसपासचं वय, सुती साडी आणि तिच्याखाली शाळेतली पोरं पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. केस स्वतःच कापलेले असावेत, कारण डाव्या बाजूला ते उजवीपेक्षा अंगुळभर लांब होते. लेकरू होत नाही म्हणून हिंडणाऱ्या जोडप्यांत त्यांचं नाव होतं. एक म्हणायचा, बाईंचा हात गुणाचा. दुसरा म्हणायचा, बाईंचं डोकं फिरलंय. दोघंही पुन्हा तिथंच जायचे.

मी माझी फाईल टेबलावर ठेवली. ही फाईल बाळंतविड्यासारखी जपून आणलेली. हार्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, नळ्यांमध्ये औषध सोडून काढलेला एक्स-रे, पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं केलेली तपासणी, सगळं तारखेनुसार लावलेलं. बाईंनी तिला हातही लावला नाही.

"ही तुझी. त्यांची कुठाय?"

"त्यांची नाहीये."

"का?"

"ते ठणठणीत आहेत. रोज जिमला जातात. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत."

"तू काय करतेस?"

"ज्युनियर कॉलेजला शिकवते."

"काय?"

"बायोलॉजी."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत माझ्याकडं बघत बसल्या. "बारावीची पोरं पास होतात का गं तुझी?" त्यांनी खरोखरच्या काळजीनं विचारलं.

होतात. चांगली होतात. प्रजननाचा धडा तर मी असा शिकवते की मागच्या बाकावरचे टगेसुद्धा हसायचं विसरून वहीत उतरवून घेतात. पाठ फळ्याकडं आणि तोंड वर्गाकडं ठेवून मी अंडाशयाची आकृती काढू शकते. आणि हीच मी संध्याकाळी मुकुंदवाडीच्या घरी येऊन, शेजारणीनं दिलेलं शिवलिंगीचं बी गाईच्या दुधातून घेत होते. खुलताबादच्या वाटेवरच्या एका झाडाला धागा बांधून आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून पाय भिंतीला वर लावून पडायची, आणि नुसतं पडून वेळ जायला नको म्हणून त्याच अवस्थेत बारावीचे पेपर तपासायची. त्या वर्षी माझ्या वर्गाला मार्क जरा सढळ पडले. रक्त डोक्यात उतरलं की माणूस उदार होतो, एवढाच त्या उपायाचा परिणाम मला दिसला.

नवऱ्याची तपासणी करायला कुणीच सांगितलं नव्हतं असं नाही. आधीच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तेव्हा मीच म्हणाले, "त्यांना कशाला उगीच? आधी माझं पूर्ण होऊ द्या." जणू काही गॅसचा नंबर लावलाय आणि माझा आधी आहे. नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत, तीन पाळ्यांत कामाला. त्यांनी माझ्या या त्यागाला अजिबात विरोध केला नाही.

"पुढच्या वेळी जावईबापूंना घेऊन ये," बाई म्हणाल्या. "एकटी आलीस तर झेरॉक्सच्या दुकानातूनच परत पाठवीन."

मी घरी येऊन हे सांगितलं. नवऱ्यानं आधी पाळी सांगितली, मग ओव्हरटाईम सांगितला, मग गुडघा दुखतो म्हणाले. शेवटी मी म्हणाले, "अहो, त्या तुम्हाला जावईबापू म्हणतात." त्यांनी जरा थांबून विचारलं, "खरंच?" पाचोडचा माणूस. सासुरवाडीला गेलं की पाटावर बसायची सवय. पुढच्या आठवड्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून माझ्या आधी गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक गादीची, हात टेकायची, आणि एक लाकडी स्टूल. "या जावईबापू, तुम्ही बसा. तू तिथं बस गं," असं म्हणून त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं. ते मोठ्या ऐटीत टेकले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती खुर्ची बरोबर ट्यूबलाईटखाली, बाईंच्या तोंडासमोर आहे आणि स्टूल कोपऱ्यात अंधारात. पण मानानं बसवलेल्या जागेवरून उठता येत नाही.

बाईंच्या टेबलावर एक जुना रेडिओ असायचा. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना आतलं ऐकू जाऊ नये म्हणून नाजूक प्रश्न आला की बाई त्याचा आवाज मोठा करायच्या. हेतू चांगला होता. फक्त झालं असं की रेडिओ मोठा झाला की अख्ख्या बाकाला कळायचं, आता आत नाजूक प्रश्न चाललाय. बाहेरच्या बायका बोलायच्या थांबायच्या आणि जमिनीकडं बघत बसायच्या.

आमच्या वेळी रेडिओ असा काही मोठा झाला की मला प्रश्नच ऐकू येईना. "काय?" मी विचारलं. बाईंनी पुन्हा विचारलं. अर्धवट कळलं. नवरा चपलांकडं बघत होते, म्हणजे उत्तर मलाच द्यायचं होतं. मी गाण्याच्या वर आवाज चढवून ओरडले, "रात्रपाळी असली तर आठवड्यातून एकदाच!" आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

बाहेर कुणाला तरी ठसका लागला. निघताना बाकावरच्या एका म्हाताऱ्या आजींनी नवऱ्याकडं इतक्या मायेनं बघितलं, की त्यांनी गाडीवर बसेपर्यंत हेल्मेट घालून टाकलं होतं.

पण त्याच्या आधी शर्टाचं प्रकरण झालं. बाईंनी त्यांना एकेक विचारायला सुरुवात केली. लहानपणी गालगुंड झाले होते का? अंडकोषातली गोळी उशिरा उतरली म्हणून किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का? कंपनीत भट्टीजवळ उभं राहावं लागतं का? तंबाखू? दारू? मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप? नवरा प्रत्येकाला नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाहीबरोबर खुर्चीत थोडे थोडे वर सरकत होते. आता ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र मिळणार, अशी माझीही खात्री झाली.

बाई त्यांच्या दंडाकडं बघत होत्या. इस्त्रीचा शर्ट दंडावर तटतटला होता.

"जावईबापू, शर्ट काढा."

"इथं?"

"नाही तर काय चौकात जाऊन काढता?"

त्यांनी शर्ट काढला. बाई उठून त्यांच्या मागं गेल्या. पाठभर, खांद्यांवर लाल पुटकुळ्या होत्या. मला त्या माहीत होत्या. कंपनीतल्या उष्णतेनं येतात म्हणून मी त्यावर चंदन लावत असे.

"काय टोचून घेता?" बाईंनी विचारलं.

"व्हिटॅमिन."

"कोण देतं?"

"जिमचा ट्रेनर. सगळेच घेतात मॅडम तिथं."

"कुठं टोचतो?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी, एवढ्या वेळात विचारलेल्या प्रश्नांतला एक तरी नीट येतोय या आनंदात, वर्गातल्या हुशार मुलीसारखी म्हणाले, "कमरेच्या खाली, मॅडम. लई दुखतं त्यांना. मीच तर शेक देते."

बाईंनी माझ्याकडं इतका वेळ बघितलं, की शेवटी मीच रेडिओचा आवाज वाढवावा असं मला वाटलं.

झालं होतं ते असं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं माझं बी.एड. चालू होतं, म्हणून आम्हीच थांबलो होतो. मग थांबणं सोडलं आणि सहा महिन्यांत काही झालं नाही. सहा महिने म्हणजे काहीच नाही. वर्षभर वाट बघून मगच तपासायला सुरुवात करतात, हे बाईंनीच नंतर सांगितलं. पण चुलतभावाच्या हळदीत कुणीतरी नवऱ्याला म्हणालं, "काय पाटील, बॅटरी उतरली का?" लोक हसले. त्यांनी मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जिम लावली. आणि ट्रेनरनं सांगितलं की ही सुई घेतली की ताकद येते, सगळ्या प्रकारची. ते पुरुषी हार्मोन होतं. दंड फुगले, छाती रुंद झाली, आणि आत जे व्हायचं ते बंद पडलं.

"हे बघा," बाई समजावत होत्या. "डोकं आतल्या कारखान्याला हुकूम देत असतं, माल काढा, माल काढा. तुम्ही बाहेरूनच एवढा माल ओतलात की डोक्याला वाटलं, गोदाम भरलंय. हुकूम बंद. कारखान्याला कुलूप. समझे क्या मियाँ?" रंगात आल्या की बाई शहराची जुनी हिंदी बोलायच्या.

नवऱ्याला ते समजायला वेळ लागला. मला एक क्षणही लागला नाही. हे मी दर वर्षी शिकवत होते. गीझरचं उदाहरण देऊन शिकवत होते: पाणी तापलं की कॉईल आपोआप बंद पडते. त्या आकृतीत मी तीन रंगांचे खडू वापरते. आणि घरी कॉईल बंद करणाऱ्या सुईच्या जागेवर गरम पाण्याची पिशवी धरून, "आता बरं वाटतंय का हो?" असं विचारत होते.

तपासणी झाली. शुक्राणूंपुढं शून्य आलं. नवरा रिपोर्टाकडं बघून म्हणाले, "शून्य म्हणजे, थोडे तरी असतील ना?" बाई हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

त्या उठल्या, भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार चौकोन काढले. हे त्या प्रत्येक जोडप्यासाठी करायच्या. दवाखान्यात चालू वर्षाचं कॅलेंडर कधीच धड नसायचं.

"लेकरू का राहत नाही, याची घरं चार. एक बाईचं. थायरॉईड, अंडं वेळेवर न सुटणं, नळ्या बंद, जुना टीबी, असं काहीबाही. एक बाप्याचं. एक दोघांचं मिळून. आणि हे चौथं." चौथ्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. "सगळं तपासूनही सापडत नाही ते. या घराला डॉक्टर लई घाबरतात, म्हणून काहीतरी नाव ठेवतात. मी सरळ सांगते, माहीत नाही. आता मला सांग, या घरांतली तीन न उघडता लोक बाईच्याच दारावर का लाथा मारत बसतात?"

माझ्या पोटावरच्या दुर्बिणीच्या खुणा त्या वेळी खाजल्या, किंवा तसं मला वाटलं.

"म्हणजे माझ्यात दोष आहे," नवरा हळूच म्हणाले.

"बाहेर," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर जा. दार लावून घ्या. मग ठोठावा आणि आत येऊन तेच वाक्य नीट बोला. इथं दोष म्हणायचं नाही. दोष पत्रिकेत असतो. इथं कारण असतं."

नव्वद किलोचा माणूस, शर्टाची बटणं उलटसुलट लावलेली. ते खरंच बाहेर गेले. दारावर टकटक झाली. "या," बाई म्हणाल्या. ते आत येऊन म्हणाले, "कारण माझ्यात आहे." "शाब्बास. बसा." मग त्यांना त्याच गादीच्या खुर्चीत बसवून बाईंनी एक गोष्ट सांगितली. नाव नाही, गाव नाही. एका जावईबापूंनी तपासणीला स्वतःच्या ऐवजी दोस्ताचा नमुना आणून दिला होता, घरूनच, खिशात गरम ठेवून. रिपोर्ट एकदम झकास. बाई म्हणाल्या, "वा, अभिनंदन. पण तुमचं तोंड कामून उतरलं?" आणि तो माणूस तिथंच रडायला लागला. "तुम्ही निदान स्वतःचं शून्य आणलंत," बाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांच्याकडून मिळालेलं हे मोठं कौतुक असावं. आम्ही ते तसं घेतलं.

सुया त्या दिवशी बंद झाल्या. बाईंनी त्यांना त्या विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडंही पाठवलं. "कारखाना परत सुरू होईल का?" मी विचारलं. "बहुतेक. महिने लागतील, वर्षही लागेल. बहुतेक म्हणाले हां मी. नक्की म्हणाले नाही. कुणाकुणाचा होत नाही."

बाईंना नक्की बोलायची सवयच नव्हती. बाकावर बसलेल्या बायकांची मोठी चर्चा असायची, की बाईंना स्वतःला मुलं आहेत का. एक म्हणायची, दोन आहेत, परदेशात. दुसरी म्हणायची, लग्नच नाही केलं. मी एकदा धीर करून विचारलं. "तू मला तपासायला आलीस का?" त्या म्हणाल्या आणि तोंडात बडीशेप टाकून पुढचा नंबर बोलावला. मला आजही माहीत नाही.

सुया बंद झाल्या आणि घरात एक वेगळंच माणूस राहायला आलं. दंड उतरले. शर्ट ढिले झाले. नवरा कंपनीतून येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. बोलायचे नाहीत. सुया सोडल्यावर काही काळ असं होतं, मन पडतं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण सांगितलेलं एक आणि घरात बघणं एक. पाचोडला जायचं तर त्यांनी सोडूनच दिलं. आई फोनवर काही विचारेल म्हणून आईचा फोनही घेईनात. मग तो फोन मला यायचा.

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या वाईट नव्हत्या. लग्न होऊन आले तेव्हा मला नोकरी करू द्यायची म्हणून त्या अख्ख्या भावकीशी भांडल्या होत्या. पण लेकराच्या बाबतीत त्यांचं गणित सरळ होतं: लेकाचे दंड बघा आणि सुनेची फाईल बघा. फाईल कुणाची जाड आहे? मला गुरुवारचे उपास, मग सोमवारचेही, त्यांनीच धरायला लावले होते. आणि मी, अन्नातल्या प्रथिनांचा तक्ता पाठ असलेली, साबुदाण्यावर जगत होते. कारण कळल्यावरही मी उपास सोडले नाहीत. सोडले तर का सोडले म्हणून विचारतील, याची भीती. नवऱ्यानं सांगू नको म्हटलं नव्हतं. सांग, असंही म्हटलं नव्हतं.

एके दिवशी आत्या न सांगता एसटीनं आल्या आणि माझ्याबरोबर उस्मानपुऱ्याला निघाल्या. "मी इचारते त्या डाक्टरणीला. दोन वर्षं झाली दवाखाने करून, काय चाललंय काय?"

आत गेल्या गेल्या आत्यांनी हात जोडले. "डाक्टरीणबाई, खरं सांगा. दोष कुणात हाय?"

मी डोळे मिटले.

"बाहेर," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"बाहेर जाऊन परत या. दोष म्हणायचं नाही."

आत्या गेल्या, आल्या. "बरं, राहिलं. खोट कुणात हाय?"

"बाहेर."

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. बाईंनी उठून त्यांना हाताला धरून त्या गादीच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "काय म्हणायचं मग ते तरी सांगा की," आत्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"कारण म्हणा."

"मंग काय कारण हाय?"

"ते या दोघांचं आहे. मी सांगणार नाही. त्यांना वाटलं तर ते सांगतील." आणि मग एकदम आवाज उतरवून, "ताई, सून काय खाते बघता का? किती वाळलीय."

बसमध्ये बसवताना आत्यांनी माझा दंड चाचपून बघितला आणि सोडून दिला.

त्यानंतर पंधरवड्यानं बाजाराच्या दिवशी आम्ही पाचोडला गेलो. नवरा स्वतःहून म्हणाले, जाऊन येऊ. ओट्यावर आत्या आणि शेजारची चुलतसासू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मामंजी खाटेवर. मी ताटली घेऊन शेंगा सोलायला बसले. चुलतसासूनं जरा वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग माझ्यासमोरच म्हणाली, "अंबडकडची एक पोरगी हाय म्हनं. गरीबाची हाय. हिला काय काढून द्यायचं नाय कुनी, दोघी ऱ्हातील बहिणीवानी."

आत्या शेंग सोलत राहिल्या. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. माझ्या हातातली शेंग उघडेचना.

नवरा गाडी पुसत होते. फडकं तसंच हातात घेऊन ओट्यापाशी आले.

"काकू, दुसरी आणली तरी लेकरू नाय व्हायचं."

"कामून?"

"कारण माझ्यात हाय."

"असं कसं म्हनतो रे," आत्या म्हणाल्या. "हिच्यावरचं आपल्यावर घेऊ नको."

"हिच्यावर काय नव्हतंच, आई. मी ताकदीच्या सुया घेतल्या. दोन वर्षं. त्यानं सगळं बंद पडलं. हिला मी सांगितलं होतं, व्हिटॅमिन हाय. डॉक्टरणीनं पाठ बघून वळखलं. आता सोडल्यात. परत सुरू होईल, नाय तर नाय होनार."

एवढं सलग ते लग्नात नाव घेतानाही बोलले नव्हते. चुलतसासू पदर झटकून, "बाजार उठंल," म्हणत निघून गेली. मामंजी खाटेवरून म्हणाले, "सुई? कशापायी? कुनी म्हन्लं काय तुला?" आणि नवऱ्यानं पहिल्यांदा ते हळदीतलं वाक्य सांगितलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आत्या उठल्या. लेकाच्या जवळ गेल्या आणि त्याच्या दंडावर, आता निम्मा राहिलेल्या दंडावर, फाडकन एक चापट मारली. मग दुसरी. तिसरीला त्यांचा हात तिथंच राहिला आणि त्या रडायला लागल्या. "आन् मी हिला उपाशी मारलं रे," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटाला भोकं पाडली लोकांनी. मी बसले व्हते दवाखान्यात, बघत."

मग डोळे पुसून माझ्याकडं वळल्या. "ऊठ गं. भाकर खा आधी."

"आत्या, आज सोमवार..."

"मरू दे सोमवार."

मी चुलीपाशी बसून दोन भाकरी खाल्ल्या. आत्या समोर बसून वाढत होत्या. मी खाताना रडत होते म्हणून, की आतापर्यंत पोट खरंच रिकामं होतं म्हणून, मला त्या दिवशी लई मोठा ठसका लागला. आणि पाठीवर थापटी मारायला नवरा आणि आत्या दोघंही एकदम धावले.

पुढं काय झालं ते सांगते. वर्षाच्या वर गेलं. मधे दोनदा रिपोर्ट शून्यच आला. तिसऱ्यांदा थोडे आले. नवरा तो आकडा कंपनीतल्या बोनससारखा घरभर सांगत हिंडले, म्हणजे मला, आत्यांना आणि मामंजींना. आणखी काही महिन्यांनी मला दिवस गेले. मुलगी झाली. आता ती बालवाडीत जाते आणि आजीला व्हिडिओ कॉलवर दंड फुगवून दाखवते. बाईंनी त्यानंतर वर्षभरात दवाखाना बंद केला. कुठं गेल्या, याबद्दलही दोन मतं आहेत.

पण मला सांगायचंय ते पेढ्यांचं. चौथा महिना लागला तेव्हा मी पेढे घेऊन उस्मानपुऱ्याला गेले. पोट जरासं दिसायला लागलं होतं आणि नाही दिसलं तर दिसावं अशी साडी मी नेसले होते. जिना चढून वर गेले, तर बाईंच्या एकुलत्या एक मदतनीस मावशींनी मला दारातच अडवलं.

"तुम्ही मागच्या बाजूनं या."

"का? दोन वर्षं मी याच दारानं येतेय."

"बाईंनी सांगितलंय. खाली उतरा, दुकानाला वळसा घाला, मागं लोखंडी जिना आहे."

मला फार लागलं. एवढ्या वर्षांचे आमचे संबंध, हातात पावशेर पेढे, आणि मला भंगारवाल्यासारखं मागच्या दारानं? मी तणतणत उतरले, वळसा घातला, लोखंडी जिना चढले. वर एक अरुंद गॅलरी होती. तिथं तीन बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. तिघीही गरोदर. एकीला तर नववा लागला असावा.

बाई कॅनव्हासचे बूट वाजवत आल्या. मी तोंड फुगवून विचारलं, "मॅडम, मला पुढून का नाही येऊ दिलं?"

"पुढं बाकावर कोण बसलंय, बघितलंस का?"

बघितलं होतं. ती करमाडची, लग्नाला दहा वर्षं झालेली, माझ्याही आधीपासून येणारी. नवरा कधी येतो, कधी येत नाही.

"तू त्या बाकावर बसायचीस तेव्हा पोट घेऊन कुणी समोर येऊन बसलेलं आठवतं का तुला?"

मी आठवून बघितलं. इतर दवाखान्यांत मी अशा बायकांसमोरून जागा बदलत असे. मोबाईलमध्ये डोकं घालत असे. इथं तसं कधी करावं लागलं नव्हतं. एकदाही नाही. आणि हे इतकं सरळ, रोज डोळ्यांसमोरचं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला लावणाऱ्या मला एवढ्या काळात कधी दिसलं नव्हतं.

बाईंनी डबा उघडला, एक पेढा उभ्या उभ्या खाल्ला. "बाकीचे या तिघींना वाट. पुढं नेऊ नको."

मी पेढे वाटले. दोन उरले. डबा हातात घेऊन लोखंडी जिन्यानं उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी आले, तर करमाडची ती आता खाली रस्त्यावर उभी होती, वाट बघत. एक माणूस गाडी लावून तिच्याकडं येत होता. नवराच असणार, शर्ट इस्त्रीचा होता. ती त्याला पुढं घालून जिन्याकडं वळली.

मी डबा पिशवीत टाकला, पदर पोटावरून ओढून घेतला आणि ते दोघं वर जाईपर्यंत झेरॉक्सच्या दुकानाआड उभी राहिले.